तो तुकडा कुठे आहे?

बसू नकोस. उभा राहा आणि केसपेपर वाच. मोठ्याने वाच, मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. 'डाव्या टाचेला काळपट भोवरी. स्थानिक भूल देऊन काढली. कॉटरीने रक्तस्राव थांबवला. ड्रेसिंग. पाच दिवसांच्या गोळ्या.' खाली सही तुझी, तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. आता मला एवढंच सांग, काढलेला तुकडा कुठे आहे?

तुला सांगता येत नाही, कारण तो बादलीत गेला. मामांनी संध्याकाळी बादली रिकामी केली आणि त्या बाईच्या आजाराबद्दल आपल्याला जे जे कळू शकलं असतं ते पिवळ्या पिशवीतून जाळायला गेलं. पॅथॉलॉजी आपल्याच इमारतीत आहे. फॉर्मॅलिनच्या बाटल्या मायनर ओटीच्या ट्रॉलीत खालच्या कप्प्यात असतात. फॉर्म भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सिस्टरनी बाटली पुढे केली होती आणि तू 'एवढ्याशा भोवरीला कशाला' म्हणालास. हे वाक्य या युनिटमध्ये पुन्हा माझ्या कानावर येता कामा नये. तीळ, चामखीळ, भोवरी, काहीही असो, कातडीचा जो तुकडा आपण रुग्णाच्या अंगावरून काढला तो तपासणीला जातो. आणि तू तर स्वतःच्या हाताने 'काळपट' असं लिहिलंयस. भोवरी काळपट का असावी, हा प्रश्न तुला लिहितानाही पडला नाही.

ती बाई मावळातली आहे. भातलावणीच्या आधी पाय बरा व्हावा म्हणून ती जूनमध्ये आली होती. घरी वर्षभर तिचा भाऊ ब्लेडने भोवरी तासत होता, मेडिकलवाल्याने कॉर्नपट्टी दिली होती, ती तिने लावली. यांपैकी कुणालाही मी दोष देत नाही. ते डॉक्टर नाहीत. तू आहेस. तुझ्या ड्रेसिंगवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती आख्खी लावणी चिखलात उभी राहिली आणि सप्टेंबरअखेर परत आली. टाचेची जखम भरलेली नाही, कडेने वेडावाकडा काळा डाग पसरलाय आणि डाव्या जांघेत तीन सेंटिमीटरची कडक गाठ आहे. ती म्हणाली, अवधाण आलंय. तिने म्हणावं. पायाला जखम असली की जांघेत अवधाण येतं हे तिने लहानपणापासून पाहिलंय. पण तूही तेच लिहिलंस आणि अँटिबायोटिक बदललंस! गाठ दुखत नाही, तापलेली नाही, बोटाखाली दगडासारखी लागते, आणि तरी तुला ती संसर्गाची वाटली.

या वेळी टाचेचा तुकडा तपासणीला गेला आणि परवा रिपोर्ट आला. मेलॅनोमा. कातडीचा कॅन्सर. त्या रिपोर्टातला जाडीचा रकाना वाच. आपल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी लिहिलंय, 'आधीच्या शस्त्रक्रियेमुळे मूळ जाडी सांगता येत नाही.' त्यांनी सौम्य शब्दांत लिहिलं. मी सौम्य बोलणार नाही.

जाडीचं महत्त्व तुला परीक्षेत लिहिता येतं, मला माहीत आहे. गुणही मिळाले असतील. पण ते तुझ्या हातापर्यंत पोचलेलं नाही म्हणून इथे पुन्हा ऐक. १९७० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने ९८ रुग्णांच्या काचपट्ट्या काढल्या आणि सूक्ष्मदर्शकातल्या मोजपट्टीने एकच गोष्ट मोजली, गाठ खाली किती मिलिमीटर उतरली आहे. कातडीच्या वरच्या कणमय थरापासून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंतचं अंतर. ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ गाठी असलेल्यांपैकी एकाचाही आजार पाच वर्षांत उलटला नाही. डाग केवढा पसरलाय, किती काळा दिसतोय यापेक्षा तो किती खोल आहे यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं, हे त्याने दाखवलं. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, जाडीचा आकडा अजून कुणाला बाजूला ठेवता आलेला नाही. आजार कोणत्या टप्प्यात आहे ते त्याने ठरतं, कडेची निरोगी कातडी किती घ्यायची ते त्याने ठरतं, जांघेतली किंवा काखेतली पहिली ग्रंथी तपासायची का तेही त्यानेच ठरतं. ०.८ मिलिमीटर ही आज त्या निर्णयाची वेस आहे. एका मिलिमीटरचे आपण दहा भाग करतो आणि त्यांतल्या आठव्या भागावर थांबून विचार करतो. तू ते अंतर वरून ब्लेडने कापलंस, उरलेलं कॉटरीने जाळलंस आणि कापलेलं फेकून दिलंस.

वरून कापल्याने काय होतं ते तुला त्या बाईने सांगितलं असतं. लव्हाळा विळ्याने कापला तर आठवड्यात परत उगवतो, हे तिच्या शेतातल्या पोरालाही ठाऊक असतं. मेलॅनोमाची गाठ वरवर तासली की तळ तिथेच राहतो, त्यावर व्रणाची कातडी चढते, आणि पुढे जो कुणी बघेल त्याला मूळ गाठ कुठली आणि जखमेची खूण कुठली हे कळेनासं होतं. म्हणून संशय असलेल्या डागाला कॉटरी लावायची नाही, लेझर लावायचा नाही, ॲसिड लावायचं नाही, नायट्रोजनने गोठवायचा नाही. ब्यूटी पार्लरमध्ये तीळ जाळतात त्याबद्दल तुम्ही सगळे हसता. तू वेगळं काय केलंस?

आणि 'आपल्याकडे मेलॅनोमा होत नाही' हे मला सांगू नकोस. होतो. कमी होतो. आपल्या देशात वर्षाला लाखात एकालाही होत नाही, ऑस्ट्रेलियात किंवा उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांत त्याच्या कित्येक पटींनी होतो, हे खरं. त्यांच्या पाठीवर, पिंढरीवर, चेहऱ्यावर होतो आणि त्यामागे ऊन असतं. त्यांची पुस्तकं वाचून तुम्ही पाठ तपासायला शिकता. आपल्या माणसांना तो होतो तेव्हा फार वेळा तळपायाला होतो, तळहाताला होतो, नखाखाली होतो, नाहीतर तोंडाच्या आत किंवा गुदद्वाराशी अस्तरावर होतो. तळव्याला ऊन लागत नाही, म्हणून उन्हाचा विचार करणारा डॉक्टर तिथे बघतच नाही. १९७६ साली रिचर्ड रीडने या हातापायांच्या टोकांवरच्या मेलॅनोमाला स्वतंत्र प्रकार म्हणून मांडलं. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. आजार दुर्मीळ असेल तर डॉक्टरला जास्त जागं राहावं लागतं, कारण रुग्णाने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. ती बिचारी भोवरी म्हणूनच सांगणार.

बॉब मार्ली तुम्हाला माहीत आहे. होस्टेलवर त्याचे फोटो लावलेले मी पाहिलेत. जमैकाचा तो गायक मेला कशाने? उजव्या पायाच्या अंगठ्याला नखाखाली हाच मेलॅनोमा झाला होता. फुटबॉल खेळताना लागलंय असं समजून वेळ गेला, निदान झालं १९७७ साली. अंगठा काढायला तो तयार झाला नाही. नख आणि नखाखालचा भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. मे १९८१ मध्ये मायामीत तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता. काळ्या कातडीचा, जगभर ओळखीचा, पैशाला कमी नसलेला माणूस. त्याचा फोटो भिंतीवर लावून तू झोपतोस आणि सकाळी ओपीडीत काळी टाच बघून भोवरी लिहितोस.

नखाचंही आत्ताच सांगते, नाहीतर पुढच्या खेपेला तिथे चुकाल. अंगठ्याच्या नखावर काळी उभी पट्टी आहे, ती रुंदावतेय आणि काळपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय, तर तो जोनाथन हचिन्सनने १८८६ साली सांगून ठेवलेला प्रकार आहे. लंडनच्या त्या सर्जनने हे नखुरड्यासारखं दिसतं म्हणून बजावलं होतं, आणि आजही आपण नखुरडं म्हणून चिरतो, पू येत नाही, पट्टी बांधून घरी पाठवतो. दाराच्या फटीत बोट सापडलं होतं का, एवढं विचारून समाधान मानू नका. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं. महिन्याने परत बोलवा आणि सरकलंय का बघा. सरकलं नसेल तर नखाच्या मुळातून तुकडा घ्यायचा.

रुग्णाला चप्पल काढायला सांगा. दोन्ही पाय धुवायला सांगा. आपल्या ओपीडीत शेतातून सरळ एसटीत बसून आलेली माणसं असतात, तळव्याला माती असते आणि मातीखाली डाग असतो. तुम्ही टेबलाच्या पलीकडून मान वाकडी करून बघता. खाली वाका! भोवरी तासली की मध्ये पिवळसर पारदर्शक गाभा दिसतो आणि तिच्यात रंग नसतो. डाग असेल तर त्याची कड कशी आहे, रंग एक आहे की तीनचार, वर्षात वाढलाय का, हे विचारा. त्वचारोग विभागात डर्मोस्कोप आहे, तो उचलून आणायला कुणाची परवानगी लागत नाही. तळव्यावरच्या रेषा त्यात स्वच्छ दिसतात. रंग रेषांच्या खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ, खाचांमधल्या उंचवट्यांवर असेल तर मेलॅनोमाचा संशय. जपानमधल्या डॉक्टरांनी हे बारकाईने लावून दिलं, कारण त्यांच्याकडेही हा आजार पायालाच जास्त होतो. आणि सगळे मेलॅनोमा काळे नसतात. काही गुलाबी असतात, चिघळलेल्या मांसासारखे दिसतात. साखरेच्या रुग्णाचा पायाचा व्रण महिना-दीड महिना नीट ड्रेसिंग करूनही हलत नसेल, तर त्याच्या कडेचा तुकडा घेऊन पाठवायला काय हरकत आहे? किती जणांचे पाठवलेत या वर्षी?

आता जूनमध्ये काय करायला हवं होतं ते ऐक. डाग लहान असता तर तो आख्खा, कडेची एक ते तीन मिलिमीटर कातडी घेऊन, खाली चरबीपर्यंत पूर्ण जाडीचा काढायचा होता. त्याहून जास्त नाही. पहिल्याच वेळी शौर्य दाखवून मोठा छेद घेतला की पहिल्या ग्रंथीकडे जाणाऱ्या लसवाहिन्या विसकटतात आणि पुढची तपासणी भरवशाची राहत नाही. हातापायांवर छेद लांबीच्या दिशेने घ्यायचा, आडवा नाही, म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेत तो सहज सामावून घेता येतो. तिच्यासारखा डाग टाचेवर पसरलेला असेल आणि आख्खा काढणं कठीण असेल, तर सर्वांत जाड, सर्वांत काळ्या ठिकाणचा पूर्ण जाडीचा तुकडा घ्यायचा, पंचने घ्या नाहीतर ब्लेडने. फॉर्मवर जागा लिहायची, डागाचं माप लिहायचं, कुठून तुकडा घेतला ते चित्र काढून दाखवायचं, आणि 'मेलॅनोमाचा संशय' हे शब्द स्वच्छ अक्षरात लिहायचे. पॅथॉलॉजिस्टला जादू येत नाही. तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही कागदावर उतरवलं तर तो त्या दिशेने काप घेतो.

आणि तुकडा घेताना नातेवाईक म्हणतील, 'साहेब, लोखंड लावू नका, लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो.' हे तुम्ही रोज ऐकता आणि गप्प बसता. काही जण तर मान डोलावता, कारण वाद टळतो. तुकडा तपासणीला घेतल्याने मेलॅनोमाच्या रुग्णाचं आयुष्य कमी होत नाही. हे अनेकांनी रुग्णांच्या नोंदी तपासून पाहिलंय. लोखंड लागल्यावर पसरला असं गावात दिसतं, कारण अर्धवट कापून, रिपोर्ट न करता, पुढचे उपचार न करता माणसाला घरी पाठवलेलं असतं. त्या बाईच्या गावात आता हेच म्हणतील. टाचेला डाक्टरने ब्लेड लावलं आणि जांघेत गाठ आली. तिच्या शेजारणीच्या पायाला उद्या असाच डाग दिसला तर ती इथे येणार नाही. त्याचाही हिशेब तुझ्याच नावावर आहे.

काल राउंडला तू दुसऱ्या टोकाला गेलास. रिपोर्ट वाचून घाबरलास आणि तिच्या कॉटच्या पायथ्याशी उभं राहून म्हणालास, 'पाच सेंटिमीटर मार्जिन घ्यावी लागेल, कदाचित पायच काढावा लागेल.' मराठीत म्हणालास, तिला समजेल असं. पाच सेंटिमीटर हे तू कुठून आणलंस ते मला माहीत आहे. १९०७ साली लंडनच्या सॅम्पसन हॅंडलीने व्याख्यानं दिली, एका बाईच्या शवविच्छेदनात त्याला पेशी कातडीखालून दूरवर पसरलेल्या दिसल्या होत्या, त्यावरून त्याने रुंद कापायला सांगितलं. त्या काळी त्याने प्रामाणिकपणे जे दिसलं ते मांडलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याच्यामागून आलेल्या सर्जनांबद्दल आहे. एका मृतदेहावरून निघालेला तो विचार पुढे पाच सेंटिमीटरचा नियम होऊन बसला, आणि पन्नाससाठ वर्षं लोक हातापायांवर तळहाताएवढे खड्डे पाडत राहिले. ते तपासून बघावं असं फार उशिरा कुणाला तरी सुचलं. मिलानच्या वेरोनेसींनी ६१२ रुग्णांमध्ये, दोन मिलिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, एक सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर अशी तुलना केली. १९८८ मध्ये निष्कर्ष आला, जगण्यात फरक नाही. मग जाड गाठींसाठी स्वीडनसह उत्तर युरोपातल्या देशांत ९३६ रुग्णांवर दोन आणि चार सेंटिमीटरची तुलना झाली, २०११ मध्ये तेच दिसलं. पण ब्रिटनमधल्या ९०० रुग्णांच्या अभ्यासात दोन मिलिमीटर आणि त्याहून जाड गाठींना एकच सेंटिमीटर ठेवला तेव्हा आजार जवळपास आणि ग्रंथींत जास्त उलटला. म्हणून आज आपण काय करतो? आजार वरच्या थरातच असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर. एक मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर एक. एक ते दोनच्या मध्ये एक ते दोन. दोनच्या वर दोन सेंटिमीटर. खाली स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत. यातला एकेक सेंटिमीटर दोन हजारांहून जास्त माणसांनी स्वतःच्या अंगावर मोजू दिलाय. तू तो घाबरून वाढवायचा नाहीस आणि शिवणं सोपं जावं म्हणून कमीही करायचा नाहीस.

तिच्या टाचेवर दोन सेंटिमीटर म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आण. व्रणाची खूण, तिच्याभोवती पसरलेला डाग, त्याच्या सगळ्या बाजूंनी दोन सेंटिमीटर. टाचेची जवळजवळ सगळी गादी जाते. तिथे मांडीची पातळ कातडी चिकटवून चालत नाही, त्या कातडीवर माणूस उभा राहिला की ती फाटते. तळपायाच्या आतल्या कमानीवर वजन पडत नाही, तिथली जाड कातडी रक्तवाहिनी आणि नसेसकट उचलून टाचेवर आणायची, म्हणजे संवेदना राहते, आणि कमानीवर ग्राफ्ट लावायचा. ग्राफ्ट उजव्या मांडीचा घ्यायचा. आजार असलेल्या पायावरून कातडी घ्यायची नाही, हातमोजे आणि हत्यारं बदलून घ्यायची. प्लास्टिक सर्जरीच्या सरांशी मी बोलले आहे, ते बरोबर उभे राहतील. तिला बांधावरून चालायचंय, घमेलं डोक्यावर घेऊन चालायचंय. जूनमध्ये डाग लहान असताना कदाचित यातलं अर्धंही लागलं नसतं. किती लागलं असतं हे मी सांगू शकत नाही, कारण आकडा तू जाळलास. पण पाय काढायची भाषा पुन्हा करू नकोस. या आजारात पाय काढल्याने माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही.

जांघेच्या गाठीकडे ये. सुई घालून पेशी काढल्या, त्यात मेलॅनोमा निघाला. हे मी केलं. तुझ्या हातात दिलं असतं तर तू अवधाण म्हणून चीर दिली असतीस, आणि मग जांघेची आख्खी कातडी आजाराने भरली असती. इथेही तुमच्या डोक्यात जुनी आणि नवी पुस्तकं एकत्र कालवलेली आहेत. लंडनच्या हर्बर्ट स्नोने १८९२ साली म्हटलं, गाठ हाताला लागण्याआधीच ग्रंथी काढून टाका. पुढे शंभर वर्षं अनेकांनी तसं केलं, आणि ज्यांच्या ग्रंथींत काही नव्हतं अशा बहुसंख्य लोकांना आयुष्यभर सुजलेला पाय दिला. १९९२ साली डोनाल्ड मॉर्टनने निळा रंग टोचून डागापासून निघणारी लस ज्या ग्रंथीत आधी पोचते ती एकटी शोधून काढायची पद्धत दिली. आता आपण त्याबरोबर टेक्नेशियम वापरतो. त्या पहिल्या ग्रंथीत आजार सापडला तरी उरलेल्या सगळ्या लगेच काढाव्यात का, तर २०१७ च्या मोठ्या अभ्यासाने सांगितलं की सोनोग्राफीने लक्ष ठेवलं तरी मेलॅनोमाने होणारे मृत्यू वाढत नाहीत. सगळ्या काढलेल्यांत सूज २४ टक्क्यांना आली, लक्ष ठेवलेल्यांत ६ टक्क्यांना. एवढी सगळी सवलत, एवढं सगळं विज्ञान, ज्याच्या ग्रंथी हाताला लागत नाहीत त्याच्यासाठी आहे. जून महिन्यात तुझ्याच केसपेपरवर लिहिलंय, 'जांघेत गाठ नाही.' त्या दिवशी ती या दारातून आत जाऊ शकत होती. आज ते बंद झालंय. आज तिची जांघ पूर्ण साफ करावी लागणार आहे, आणि ती जखम कातडीच्या कडा काळ्या पडून उकलायला प्रसिद्ध आहे. पाय सुजेल. घट्ट मोजे आयुष्यभर.

उद्याच ऑपरेशनच्या यादीत नाव टाकू का, असं विचारायला तोंड उघडतोयस. टाकू नकोस. इथेही थांबून विचार करायचा असतो. गाठ हाताला लागण्याइतकी असेल तर आधी इम्युनोथेरपी, मग शस्त्रक्रिया, हा क्रम आता पुढे आलाय. २०२३ मध्ये ३१३ रुग्णांचा अभ्यास आला, शस्त्रक्रियेआधी पेम्ब्रोलिझुमॅब सुरू केलेल्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी आजार न उलटता होते, सगळं शस्त्रक्रियेनंतर दिलेल्यांत ४९ टक्के. पुढच्या वर्षी दोन औषधं मिळून दिलेल्या युरोप-ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात तोच कल आणखी ठळक दिसला. तळपायाचा मेलॅनोमा या औषधांना गोऱ्यांच्या पाठीवरच्याइतका चांगला प्रतिसाद देत नाही, हे मला माहीत आहे, आणि औषधाची किंमत तिच्या घराच्या आवाक्याबाहेरची आहे, हेही माहीत आहे. म्हणूनच हा निर्णय मी एकटी घेणार नाही आणि तू तर नाहीच. पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय करून मेडिकल ऑन्कोलॉजीसमोर तिचं प्रकरण ठेवायचं. परळला टाटामध्ये पाठवायचं असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे तिच्या हातात द्यायचे, नुसता कागद नाही. समाजसेवा विभागात जाऊन योजनेचे अर्ज तू भर. तिच्या भावाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवायचं नाही.

मागे बसलेल्यांनी खाली बघायचं कारण नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाने मायनर ओटीला कधी ना कधी 'छोटं काम' म्हटलंय. मोठ्या ओटीत माझ्यासमोर सगळे नीट वागता, कारण मी समोर असते. मायनर ओटीत समोर फक्त रुग्ण असतो. तिथे तुम्ही कसे वागता त्यावरून मी तुम्हाला सर्जन समजायचं की नाही हे ठरवते. तुझे हात चांगले आहेत, हे मी परीक्षकांनाही सांगितलंय. म्हणूनच मी तुझ्यावर एवढा वेळ घालवतेय. नुसत्या चांगल्या हातांनी चुकीचं काम जास्त सफाईने होतं, एवढंच.

आता काम. आधी वॉर्डात जा. स्टूल ओढून तिच्याजवळ बस, उभ्या उभ्या बोलायचं नाही. जूनमध्ये काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला हवा होता आणि तो पाठवला गेला नाही, हे तिला तुझ्या तोंडून समजलं पाहिजे. 'काही नाही, भोवरी होती' म्हणालेलास, ते मागे घे. आजाराचं नाव सांग. पाय काढायचा नाही हे सांग. ती रडली तर उठून जाऊ नकोस, ती काही विचारेल त्याचं माहीत असलेलं उत्तर दे आणि माहीत नसेल तर मला बोलाव. मग तिचा पाय टाचेपासून जांघेपर्यंत बोटांनी चाचपून बघ, कातडीखाली कुठे बारीक गाठी लागतात का, कारण वाटेत थांबलेला आजार तिथेच सापडतो. गुडघ्यामागे विसरू नकोस. दुसरा तळवाही बघ, आणि या वेळी धुवून बघ.

ते झालं की मायनर ओटीचं रजिस्टर घेऊन पॅथॉलॉजीत जा. गेल्या दोन वर्षांत 'भोवरी', 'कुरूप', 'तीळ', 'चामखीळ', 'नखुरडं' म्हणून जे जे काढलं, त्या नोंदी त्यांच्या रजिस्टरशी एकेक करून जुळव. सगळ्यांच्या सह्यांच्या, फक्त तुझ्या नाही. ज्यांचा रिपोर्ट सापडणार नाही त्यांचे फोन नंबर केसपेपरवर असतील, नसतील तर गावचं आरोग्य केंद्र शोध आणि आशाताईंकडून निरोप पाठव. त्यांना बोलाव आणि पाय बघ. यादी उद्या सकाळी राउंडच्या आधी माझ्या टेबलावर पाहिजे.